त्या चार ओळी कशासाठी आहेत

मी मारकुटी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करत बसणार नाही. शाळेत मुलींच्या वेण्या ओढून त्यांची डोकी बाकावर आपटणारी पोरगी मीच. इंजिनियर झाल्यावर हात आवरावा लागला, कारण ऑफिसात मारता येत नाही. मग मी लिहून मारायला शिकले.

लातूरला घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते, ते पोटासाठी. त्याशिवाय एक बिल्ड टूल सांभाळते, ते फुकट. प्रोग्राम शेकडो फाइलींत तुकड्यातुकड्यानं लिहिलेला असतो. ते तुकडे क्रमानं गोळा करून त्यांचा एक चालता प्रोग्राम बांधून देणं, हे या टूलचं काम. कॉलेजात असताना मी ते सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आता कुठले कुठले अनोळखी लोक ते वापरतात आणि त्यात बदल सुचवतात. बदल आला की आम्हा सांभाळणाऱ्यांपैकी एकानं तो ओळ न् ओळ तपासायचा, खाली शेरे लिहायचे आणि पटला तरच आत घ्यायचा. नियम असा, की मूळ ओळ ज्यानं लिहिली त्याच्याकडेच तिच्यावरचा बदल तपासायला जातो. कुणी कुणाला निवडत नाही, यंत्रच पाठवतं.

माझ्या शेऱ्यांची लोकांना धास्ती आहे. ‘हे लिहिताना तुम्ही जागे होता का?’ असं मी एकाला विचारलं होतं. दुसऱ्याला लिहिलं होतं, की तुमच्या चाळीस ओळींपैकी एकोणचाळीस फेकून द्या आणि उरलेली कुणाला तरी दाखवून घ्या. तो माणूस पुन्हा कधी आला नाही. आमच्यातल्याच एका सांभाळणाऱ्यानं मला खासगीत लिहिलं, जरा हलक्या हातानं घेत जा. मी उलट विचारलं, त्याची चूक होती की नव्हती? चूक होती, तो म्हणाला. मग झालं तर, मी म्हणाले. विषय संपला. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानच वाटला होता.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी असाच एक बदल माझ्याकडे आला. अगदी किरकोळ. एका फाइलीतल्या अकरा ओळी काढून टाकल्या होत्या, नवीन एकही नव्हती. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि चहाचा घोट तोंडातच राहिला. तो माझा धाकटा भाऊ होता.

तो नांदेडला असतो. कॉलेजांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करतो. तिथं ते माझं टूल वापरतात हे मला ऐकून माहीत होतं. आमचं बोलणं दिवाळीला आणि आईचं, म्हणजे अव्वाचं, दुखलंखुपलं तर, तेवढंच. भांडण नाही. तो माझ्याशी चांगला वागतो, परक्या माणसाशी वागावं तसा.

बदलाखाली त्यानं लिहिलं होतं, किरकोळ साफसफाई, वागणुकीत फरक नाही. अकरातल्या सात ओळी खरंच कचरा होत्या. राहिल्या चार. टूलमध्ये ‘क्लीन’ नावाची कमांड आहे. बांधकामाचा जुना राडारोडा ज्या फोल्डरमध्ये साठतो, ते फोल्डर ती रिकामं करते. त्या चार ओळींचा अर्थ एवढाच, की फोल्डरचा पत्ता कोरा आला तर काहीही पुसू नकोस, थांब. भावाचं म्हणणं होतं, की हीच तपासणी आता आधीच एका ठिकाणी होते, मग ही दुसरी कशाला? आणि शेवटी त्यानं विचारलं होतं: ‘या चार ओळी कशासाठी आहेत, हे कुणाला माहीत आहे का? बदलांच्या इतिहासात नुसतं “दुरुस्ती” एवढंच लिहिलंय.’

मला माहीत होतं. मला एकटीलाच माहीत होतं. सात वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्याला सांगायला हवं होतं तोच आता विचारत होता.

आमचं घर उदगीरचं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आणि दुकान उघडल्यावर लोखंडी गज हातातून खाली ठेवत नसत. कापड मोजायचा गज, तोच आम्हाला मारायचा. घरात कायदा एकच होता. धाकट्यानं चूक केली की मार थोरलीला. भावानं शाईची बाटली सांडली, गज माझ्या पोटऱ्यांवर. तो नापास झाला, गज माझ्या पाठीवर. “जिम्मा तुझा व्हता का न्हाई?” आप्पा दर फटक्याला विचारायचे, आणि प्रत्येक वेळी ‘हाव’ म्हणावं लागायचं. नंतर मी भावाला गच्चीवर न्यायची आणि पाण्याच्या टाकीमागे धरून बदडायची. तो ओरडायचा नाही. ओरडला तर आप्पा वर येतील आणि पुन्हा मलाच मारतील, हे त्याला कळायचं. तेवढं तो माझ्यासाठी करायचा.

तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. मी कॉलेज संपवून घरी आले होते. पुण्याच्या कंपनीनं मला एक काम करून पाठवायला सांगितलं होतं, संध्याकाळी सहाच्या आत. पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर आप्पांनी पाहून ठेवलेलं निलंग्याचं स्थळ. पंधरा दिवस खपून काम पुरं केलं होतं. दुपारी शेवटची आवराआवर म्हणून ‘क्लीन’ चालवलं आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा भाऊ माझ्या लॅपटॉपवर मॅच बघत होता. फोल्डर उघडलं तर आत काही नव्हतं. एक फाइल नव्हती.

“म्या हात न्हाई लावला, अक्का,” तो म्हणाला. “मॅच बघून राहिलो नुसतं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उघड्या पंजानं मी त्याच्या डाव्या कानावर अशी दिली, की तो खुर्चीसकट आडवा झाला. मी त्याच्या छातीवर बसले. दोन्ही हातांनी मारत होते, तोंड, कान, गळा, जिथं बसेल तिथं. तो हातांनी तोंड झाकायचा, मी ते हात पिरगाळून बाजूला करायची आणि पुन्हा मारायची. तो एकच वाक्य म्हणत होता, म्या न्हाई पुसलं, म्या न्हाई पुसलं. त्या वाक्यानंच माझा राग वाढत होता.

गलका ऐकून आप्पा वर आले. काय झालं ते मी किंचाळून सांगितलं. मला वाटलं, आता गज माझ्यावर. पण आप्पांनी पहिल्यांदाच कायदा मोडला. गज माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आज जिम्मा त्याचा.” आणि खाली दुकानात निघून गेले, गिऱ्हाईक बसलं होतं.

मी तो गज वापरला. किती वेळा ते मोजलं नाही. मनगट दुखायला लागलं तेव्हा थांबले. तेव्हा दिसलं की भावाच्या कानातून रक्त येऊन शर्टाच्या कॉलरपाशी जमलंय.

अव्वानं तेच केलं जे आमच्याकडे कान दुखला की सगळ्या बाया करतात. लसणाच्या दोन पाकळ्या तेलात कडकडवल्या, तेल कोमट होऊ दिलं आणि कानात सोडलं. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी पू यायला लागला. लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि ते अव्वावर खेकसले. पडदा फाटलेल्या कानात तेल घालतात का? कसा फाटला? “जिन्यावरनं पडला,” अव्वा म्हणाली. भावानं मान डोलावली. मी दाराशी उभी होते. तो कान मग कामाचा राहिलाच नाही.

त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही डोक्यात नव्हतं. पुढच्या वर्षी तो लेखी परीक्षा पास झाला आणि डॉक्टरी तपासणीत त्याला कानामुळे बाहेर काढलं. घरी येऊन त्यानं सगळी पुस्तकं गठ्ठा बांधून एकाला देऊन टाकली. मग एका मित्राच्या मागे नांदेडला गेला आणि कॉम्प्युटरचं शिकला.

पण हे सगळं नंतरचं. मारल्यानंतर नवव्या दिवशी काय झालं, ते सांगायचं राहिलं. कंपनीनं दया येऊन मला मुदत वाढवून दिली होती. मी सगळं काम पुन्हा लिहिलं. पुन्हा शेवटी ‘क्लीन’ चालवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत फोल्डरमधल्या फाइली एकेक करून गेल्या. भाऊ तेव्हा खाली दुकानामागच्या खोलीत अव्वाजवळ कानाला फडकं बांधून पडला होता. सेटिंगच्या फाइलीत मी दोन्ही वेळा पत्ता लिहायचा विसरले होते. पत्ता कोरा, म्हणून टूलनं जिथं उभं होतं तेच फोल्डर साफ केलं. टूल माझं, कमांड माझी, चूक माझी. या वेळी कामाची प्रत काढून ठेवलेली होती, म्हणून नोकरी वाचली. त्याच दुपारी मी टूलमध्ये त्या चार ओळी घातल्या, कारणाच्या जागी ‘दुरुस्ती’ लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

खाली गेले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पुण्याला निघून गेले. आमच्या नात्यागोत्यात अजूनही सगळे सांगतात, यानं अक्काचं काम पुसलं होतं, थोडक्यात पोरीची नोकरी गेली असती. लग्नाकार्यात त्याच्या तोंडावर हसून सांगतात. मी ताटावरून मान वर करत नाही.

तर त्या मे महिन्यातल्या सकाळी मी तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, तेवढ्यात गल्लीत टँकर आला. पाइप माझ्या ड्रममध्ये होता. ड्रम अर्धा झाला नाही तोच शेजारणीनं पाइप उपसून आपल्या ड्रममध्ये घातला. मी पाइप हिसकला आणि त्याचं पितळी तोंड तिच्या मनगटावर हाणलं. कातडी फाटली. ती बोंबलली, मी तिच्या दुप्पट बोंबलले. चूक तिचीच होती, सगळ्या गल्लीनं पाहिली होती, म्हणून मला कुणी काही बोललं नाही. घरात आले तेव्हा मन हलकं झालं होतं.

त्याच झपाट्यात मी भावाच्या बदलाखाली शेरा लिहिला. तांत्रिक उत्तर होतंच माझ्याकडे, आणि ते खरंही होतं. नवी तपासणी सेटिंग वाचताना होते. पण कुणी ‘क्लीन’ दुसऱ्या प्रोग्राममधून थेट चालवलं, तर ते त्या वाटेनं जातच नाही. तिथं याच चार ओळी वाचवतात. एवढं लिहून थांबता आलं असतं. मी पुढे लिहिलं, ‘नीट न बघता पुसून टाकायची सवय वाईट.’ आणि बटण दाबलं. शेरा सगळ्यांना दिसेल असा वर चढला.

मग मला कळलं मी कुणाला काय लिहिलंय. पुसून टाकायची सवय. मी ते काढायला गेले, पण मेलनं त्याच्याकडे ते पोचलेलं असणार. समोरचा स्टीलचा पेला मी भिंतीवर मारला. त्याला पोचा आला, भिंतीचा पोपडा निघाला. मला कुणाचं तरी नरडं धरायचं होतं आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तासाभरानं त्याचं उत्तर आलं. माझ्या त्या वाक्याबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. चूक दाखवल्याबद्दल आभार, चार ओळी परत ठेवल्या आहेत, असं लिहिलं होतं. आपण काढल्या तशा पुढे कुणी त्या काढू नयेत म्हणून एक चाचणी लिहून देतो, म्हणाला. ‘चाचणीसाठी नेमकं काय घडतं ते कळायला हवं. हे प्रत्यक्षात कुणाच्या बाबतीत घडलं होतं का?’

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची बस धरली. अहमदपूर, लोहा, सगळ्या रस्त्यानं वाक्य जुळवत होते. तुझा काही दोष नव्हता. तू पुसलंच नव्हतं. मी तुला विनाकारण मारलं. हे तिसरं वाक्य मला सगळ्यात बरोबर वाटलं होतं.

त्याचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे आणि खाली एक चहाचं हॉटेल. मला बघून तो जिन्यातच थांबला. “तू कामून आलीस? अव्वाला काय झालं?”

“अव्वा बरी हाय. त्या चार ओळींचं सांगायला आले.”

तो हसला. “फोन व्हता की.”

आम्ही हॉटेलात बसलो. त्यानं खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला, नेहमी करतो तसा. मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. सेटिंगमधला कोरा पत्ता, जेवायला जाण्याआधी चालवलेलं ‘क्लीन’, नववा दिवस, चार ओळी, ‘दुरुस्ती’. चहा आला, त्यावर साय धरली.

“म्हंजे कमांड तूच चालवली व्हतीस,” तो म्हणाला.

“मीच.”

“आन् सात वर्षं ठाऊक व्हतं.”

“हाव.”

त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. मला वाटलं आता मारेल, आणि मला ते हवंच होतं. उदगीरपासून मी त्याच एका हिशेबावर वाढले होते. “मार मला,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर मार. म्या काय म्हणणार न्हाई.”

“मारायचंच सुचतं का गं तुला?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. शेजारच्या टेबलावरचे दोघं तरीही वळून बघायला लागले.

“तुझा दोष नव्हता,” मी जुळवून आणलेलं बोलायला लागले. “तू पुसलंच न्हाईस. म्या तुला विनाकारण—”

“मला ठाऊक हाय की म्या पुसलं न्हाई. मीच तर सांगत व्हतो.” त्यानं कप बाजूला सारला. “मला दुसरं सांग, अक्का. म्या पुसलं असतं तर?”

“म्हंजे?”

“समज, खरंच पुसलं असतं. चुकून, मॅच बघता बघता माझा हात लागला असता. मंग ते बरोबर व्हतं? मंग तू आज आली असतीस?”

सात वर्षं मला जे बोचत होतं, ते तो निर्दोष होता म्हणून बोचत होतं. त्यानं पुसलं असतं तर त्याच्या त्या कानानं माझी एक दुपारसुद्धा नासवली नसती, आणि हे मला तिथं, त्या हॉटेलात, तो समोर बसलेला असताना पहिल्यांदा दिसलं. चूक होती की नव्हती, एवढंच मी आयुष्यभर विचारत आले होते. ते बरोबर होतं का, याचं उत्तर मला ठाऊक होतं. एका शब्दाचं होतं. पण तो शब्द खोटा निघेल अशी मला भीती वाटली, कारण माझं मन अजून त्या शब्दापर्यंत पोचलं नव्हतं.

“न्हाई,” मी शेवटी म्हणाले.

तोवर तो उठून जिना चढून गेला होता.